स्पॅनिश ओपनिंगची तिसरी चाल

"मला ओपनिंग येत नाही, म्हणून मी नाव देत नाही."

हॉस्टेलच्या बुद्धिबळ स्पर्धेचा कागद नोटीस बोर्डावर लागला की हे वाक्य हमखास ऐकू येतं. कॅरमला कोणी असं म्हणत नाही. बॅडमिंटनला तर रॅकेट उलटी धरणारेसुद्धा बिनधास्त नाव देतात! पण बुद्धिबळाच्या यादीत तीच ठरलेली आठ-दहा नावं. बहुतेक सगळी शहरातली, शाळेत असताना क्लास लावलेली. त्यात एक नाव माझंही असतं, म्हणून हे लिहिण्याची जबाबदारी माझ्याकडे आली असं समजा.

मित्रमैत्रिणींनो, ओपनिंग म्हणजे पाठांतर, हा समज आधी डोक्यातून काढून टाका. ओपनिंग म्हणजे डावाच्या पहिल्या दहा-बारा चालींमध्ये दोन्ही बाजूंनी एकमेकांना विचारलेले प्रश्न. प्रश्न समजला तर उत्तर आपलं आपण शोधता येतं. न समजता पाठ केलेलं उत्तर मात्र पहिल्याच वेगळ्या प्रश्नाला गळून पडतं. ओरलला एक्स्टर्नलने डेफिनिशन सोडून "का?" विचारलं की आपलं काय होतं, ते आठवा. तेच.

हे पटवून देण्यासाठी मी एकच ओपनिंग घेणार आहे आणि एकाच खेळाडूचे लागोपाठचे दोन दिवस. खेळाडू आपल्या शेजारच्या जिल्ह्यातला, नाशिकचा विदित गुजराथी. गाव टोरांटो, तारखा ५ आणि ६ एप्रिल २०२४. (दिव्या देशमुखबद्दल का नाही, असं विचारणाऱ्यांसाठी: २०२५ च्या जुलैमध्ये बातुमीला महिला विश्वचषक जिंकून ग्रँडमास्टर झालेली दिव्या नागपूरची. आपलं हे नागापूर. कुरिअरवाल्यांसारखी गल्लत आपण करायची नाही! नगर जिल्ह्याला हवा असेल तर आपलाही ग्रँडमास्टर आहे, शार्दूल गागरे. त्याला हा किताब २०१६ मध्ये मिळाला.)

आधी पट वाचायला शिकू

पटाच्या उभ्या आठ रांगांना डावीकडून ए, बी, सी, डी, ई, एफ, जी, एच अशी नावं आहेत. आडव्या रांगांना पांढऱ्याच्या बाजूने १ ते ८ आकडे. म्हणजे प्रत्येक घराला पत्ता मिळाला: पांढरा राजा ई१ वर, काळा राजा ई८ वर. ग्राफ पेपरवर पॉइंट प्लॉट करणाऱ्यांना हे सांगायची गरजच नाही.

मोहऱ्यांच्या नावांचा एक गमतीचा भाग. मी कॉन्व्हेंटमध्ये शिकले, त्यामुळे माझ्यासाठी पटावर बिशप, नाइट आणि रूक होते. उंट, घोडा आणि हत्ती मला हॉस्टेलवर आल्यावर भेटले. खरं सांगते, उंट तिरका चालतो हे बिशप तिरका चालतो यापेक्षा लवकर लक्षात राहतं. तेव्हा या लेखात उंट, घोडा, हत्ती, वजीर आणि प्यादं. कॅसलिंगला किल्लेकोट.

गावाकडे देशी पद्धतीने खेळणाऱ्यांसाठी एक फरक. आजोबांकडून शिकलेल्या डावात प्यादं सहसा पहिल्या चालीलाही एकच घर पुढे जातं. स्पर्धेच्या नियमात प्रत्येक प्याद्याला पहिल्या चालीला दोन घरं जाता येतं. एवढ्याशा फरकाने डावाचा वेग बदलतो. देशी डावात दोन्ही सैन्यं सावकाश समोरासमोर येतात, तोवर आपली मांडणी शांतपणे लावता येते. इथे पहिल्याच चालीला प्यादी एकमेकांच्या नाकासमोर उभी राहतात आणि दुसऱ्या चालीला हल्ला सुरू. म्हणून सुरुवातीच्या चालींचा एवढा अभ्यास झाला. देशी खेळणारा कमी पडत नाही, त्याला फक्त घाई लवकर सुरू होते.

अडीच चाली, पाच कारणं

आता पट समोर घ्या. कॉमन रूममधल्या पटातला काळा हत्ती हरवला असेल तर खोडरबर चालेल.

पहिली चाल: पांढरा राजापुढचं प्यादं दोन घरं ढकलतो, ई४. कारण? पटाच्या मधली चार घरं (डी४, ई४, डी५, ई५) म्हणजे एसटी स्टँड. तिथून कुठेही लवकर जाता येतं. शिवाय या चालीने वजीर आणि उंट दोघांची वाट मोकळी होते. काळाही तेच करतो, ई५.

दुसरी चाल: पांढरा घोडा एफ३ वर. नुसता बाहेर आला नाही, त्याने ई५ वरच्या प्याद्यावर हल्ला केला. काळा उत्तर देतो: घोडा सी६. तोही नुसता बाहेर आला नाही, त्याने प्याद्याला राखण दिली.

तिसरी चाल: पांढरा उंट बी५ वर. तो थेट प्याद्यावर जात नाही. प्याद्याची राखण करणाऱ्या घोड्यावर जातो. रखवालदाराला उचललं की घर उघडं, असा हिशोब.

हीच स्पॅनिश ओपनिंग. रुय लोपेझ नावाच्या स्पॅनिश पाद्र्याने १५६१ मध्ये बुद्धिबळावर पुस्तक लिहिलं, त्यात तिची चर्चा आहे. म्हणून तिला त्याचंही नाव आहे. साडेचारशेहून जास्त वर्षं झाली, जगज्जेते अजून हीच खेळतात.

आता खरा प्रश्न. पांढरा पुढच्या चालीला खरोखर प्यादं जिंकणार आहे का? हातानेच करून बघा. समजा काळ्याने काहीतरी निरुपद्रवी चाल केली. पांढरा उंटाने सी६ चा घोडा मारतो. काळा डी७ च्या प्याद्याने उंट मारतो. पांढरा घोडा ई५ चं प्यादं खातो. वाटतं, मिळालं फुकटचं प्यादं! पण काळा वजीर डी४ वर येतो आणि एकाच वेळी दोन गोष्टींवर हल्ला करतो: ई५ चा घोडा आणि ई४ चं प्यादं. पांढरा घोडा वाचवणार, काळा प्यादं परत घेणार. हिशोब बरोबर.

म्हणजे उंट बी५ ही धमकी खरी आहे, पण उधारीवरची आहे. पांढऱ्याच्या ई४ च्या प्याद्याला जोवर राखण मिळत नाही तोवर ती वसूल होत नाही. ज्या क्षणी ती राखण मिळेल त्या क्षणी ती वसुलीला येईल. हे एक वाक्य समजलं की अर्धी स्पॅनिश ओपनिंग आली. बाकी पाठांतर करणाऱ्यांना करू द्या.

आणि म्हणूनच काळ्याची तिसरी चाल एवढी महत्त्वाची. त्याच्या हातात एक मोकळी चाल आहे. तिचं तो काय करतो?

तीन उत्तरं

पहिलं उत्तर, प्यादं ए६. उंटाला विचारायचं, "मारतोस की मागे जातोस?" सगळ्यात जास्त खेळलं गेलेलं उत्तर हेच. ते आज बाजूला ठेवू.

दुसरं उत्तर, घोडा एफ६. "तू माझ्या प्याद्याकडे बघतोस? मी तुझ्या प्याद्याकडे बघतो." ई४ वर उलटा हल्ला. हा बर्लिन बचाव. एकोणिसाव्या शतकात बर्लिनच्या खेळाडूंनी याचा अभ्यास केला म्हणून हे नाव.

तिसरं उत्तर, प्यादं एफ५. हे धाडसी, जवळजवळ उद्धट उत्तर. स्वतःच्या राजाशेजारचं प्यादं पुढे फेकून ई४ वर हल्ला. कार्ल येनिश या अभ्यासकाच्या नावाने हा येनिश गॅम्बिट म्हणून ओळखला जातो. गॅम्बिट म्हणजे काहीतरी देऊन वेळ विकत घेणं.

विदितच्या दोन दिवसांत आपल्याला ही दुसरी आणि तिसरी उत्तरं भेटणार आहेत.

बर्लिनची भिंत

बर्लिन बचाव शंभर वर्षं कपाटात पडून होता. २००० साली लंडनला व्लादिमिर क्रामनिकने तो गॅरी कास्पारोव्हविरुद्ध जगज्जेतेपदाच्या सामन्यात बाहेर काढला. पांढऱ्याने किल्लेकोट केला, काळ्या घोड्याने ई४ चं प्यादं खाल्लं, पुढे डी४, घोडा डी६, उंट सी६ वर, मारामारी, आणि आठव्या चालीला दोन्ही वजीर पटाबाहेर! काळ्या राजाला किल्लेकोट करायचा हक्क गेला, पण त्याला मारायला वजीरच उरला नाही. हल्ला करण्यात जगात पहिला असलेला कास्पारोव्ह त्या सामन्यात एकही डाव जिंकू शकला नाही आणि जगज्जेतेपद गेलं. तेव्हापासून या बचावाला 'बर्लिनची भिंत' म्हणतात.

या भिंतीवर डोकं आपटण्यापेक्षा बाजूने जाऊ, म्हणून पांढरे खेळाडू चौथ्या चालीला शांतपणे प्यादं डी३ खेळायला लागले. ही चाल दिसायला अगदी गरीब. पण वर लिहिलेलं वाक्य आठवा: डी३ ने ई४ ला राखण मिळाली. म्हणजे उधारी वसुलीला आली! आता उंट घोड्याला मारून नंतर ई५ चं प्यादं खाल्लं, तर काळा वजीर डी४ वर येईल, घोडा परत जाईल आणि ई४ सुरक्षित. प्यादं खरंच गेलं.

मग काळ्याने काय करायचं? एक चांगलं उत्तर, उंट सी५. आता तोच प्रकार पांढऱ्याने केला तर वजीर डी४ वर येऊन ई५ चा घोडा आणि एफ२ वरची मात अशा दोन धमक्या एकदम देतो. पांढऱ्याला बचाव आहे, पण जिंकलेलं प्यादं हातात राहत नाही. बघा, एकही चाल पाठ न करता आपण पाचव्या चालीपर्यंत आलो.

आणि हा हॉस्टेलसाठी खास बोनस. डी३ नंतर काळा कधी कधी घोडा सी६ वरून ई७ ला मागे नेतो. वाटतं, हा घाबरला, ई५ उघडं टाकलं. पांढरा घोडा ई५ खातो. मग काळं प्यादं सी६ ला येतं आणि उंटाला हाकलतं. उंट ए४ किंवा सी४ वर गेला की काळा वजीर ए५ वर येऊन राजाला शह देतो आणि त्याच आडव्या रांगेत ई५ चा घोडा टिपतो. याला मॉर्टिमरचा सापळा म्हणतात.

पण पांढऱ्याने घाबरून उंट हलवायचाच नाही. सी६ ला प्यादं आलं की घोडा ई५ वरून सी४ वर न्यायचा. काळ्याने हावरटपणे बी५ चा उंट खाल्ला तर घोडा डी६ वर, आणि मात! काळ्या राजाच्या पाचही घरांत त्याचीच माणसं उभी: वजीर, उंट, दोन प्यादी आणि तो ई७ वर मागे आलेला घोडा. तोच घोडा स्वतःच्या उंटाची वाटही अडवून बसलाय, त्यामुळे डी६ चा घोडा कोणाला मारता येत नाही. (शहाण्या काळ्याने उंट न खाता आधी प्यादं डी६ खेळायचं, म्हणजे डाव चालू राहतो.) एकाच जागी दोघांचे दोन सापळे. पाठ करणाऱ्याला पहिला माहीत असतो, बघणाऱ्याला दुसरा दिसतो.

टोरांटो, ५ एप्रिल

आता डावाकडे. जगज्जेत्याला आव्हान कोण देणार हे ठरवणारी कॅन्डिडेट्स स्पर्धा एप्रिल २०२४ मध्ये कॅनडात टोरांटोला झाली. आठ खेळाडू, प्रत्येकाशी दोनदा, एकूण चौदा फेऱ्या. विदित तिथे पोचला तो २०२३ ची ग्रँड स्विस स्पर्धा जिंकून. तिथली दुपार म्हणजे आपल्याकडची मध्यरात्र, त्यामुळे महाराष्ट्रातल्या किती हॉस्टेलांत त्या आठवड्यात झोप झाली नसेल ते विचारू नका.

पहिल्या फेरीत विदितची गुकेशशी बरोबरी. दुसऱ्या फेरीत समोर अमेरिकेचा हिकारू नाकामुरा, तेव्हा जगात पहिल्या तिघांतला. क्लासिकल डावांत तो लागोपाठ ४७ डाव हरला नव्हता. पांढरी मोहरी नाकामुराकडे. ई४, ई५, घोडा, घोडा, उंट बी५. विदितचं उत्तर: घोडा एफ६. बर्लिन. नाकामुरा डी३. विदित उंट सी५. म्हणजे आपण वर केलं तेच सगळं.

ही ओपनिंग कशासाठी प्रसिद्ध आहे? बरोबरीसाठी. 'काळ्याने भिंत बांधली, आता दोघं चहा प्यायला जातील' असा तिचा लौकिक. आणि अकराव्या चालीला विदितने उंट उचलला आणि एच३ च्या प्याद्यावर दिला! एका प्याद्यासाठी अख्खा उंट पणाला.

एच३ चं प्यादं म्हणजे पांढऱ्या राजाच्या किल्लेकोटाची कुंपणाची तार. ती जी२ च्या प्याद्याने राखलेली. उंट तिथे मारला की पांढऱ्यापुढे दोनच वाटा, आणि दोन्ही त्रासाच्या. जी२ च्या प्याद्याने उंट खाल्ला तर राजासमोरचं कुंपण उघडं, आणि काळी मोहरी आत यायला टपलेली. नाही खाल्ला तर प्यादं फुकट गेलंच, शिवाय उंट राजाच्या दारात बसलेला. एवढं करूनसुद्धा हा बळी आंधळा नव्हता. तो चालला, कारण काळ्याची बाकी मोहरी आधीच योग्य घरात होती. सी५ चा तो उंट आठवतोय? तो चौथ्या चालीला प्यादं वाचवायला आला असं वाटलं होतं. तिथून त्याची नजर पहिल्यापासून एफ२ वर, म्हणजे राजाच्या शेजारच्या घरावर असते. बचावासाठी ठेवलेलं मोहरं हल्ल्याला उपयोगी पडतं, ते असं.

विदित तो डाव जिंकला. नाकामुराची ४७ डावांची साखळी तुटली.

टोरांटो, ६ एप्रिल

दुसऱ्या दिवशी तिसरी फेरी. आता पांढरी मोहरी विदितकडे, समोर चेन्नईचा प्रज्ञानंद. विदित ई४. प्रज्ञानंद ई५. घोडा, घोडा. विदित उंट बी५. पुन्हा तीच स्पॅनिश, या वेळी पटाच्या दुसऱ्या बाजूने. काल जो प्रश्न विदितला विचारला गेला होता तोच तो आज दुसऱ्याला विचारत होता.

आणि प्रज्ञानंदने तिसऱ्या चालीला प्यादं एफ५ खेळलं.

येनिश गॅम्बिट एवढ्या वरच्या पातळीवर क्वचितच दिसतो. त्याचा धोका उघड आहे: राजाशेजारचं प्यादं गेल्यावर राजाकडे जाणारे दोन तिरके रस्ते मोकळे होतात. मग खेळायचं कशाला? कारण फायदाही तिथेच आहे. पांढऱ्याने एफ५ चं प्यादं खाल्लं, तर काळं प्यादं ई४ वर येऊन घोड्याला हाकलतं. काळ्याने पुढे ई४ वर मारामारी केली, तर एफ रांग मोकळी होते आणि किल्लेकोटानंतर त्याचा हत्ती सरळ पांढऱ्या राजाच्या बाजूला बघतो. बर्लिनमध्ये काळा म्हणतो, "थांब, हिशोब करू." येनिशमध्ये तो म्हणतो, "चल, आत्ताच होऊन जाऊ दे."

तो डाव प्रज्ञानंद जिंकला. चोवीस तासांपूर्वी ज्या ओपनिंगने विदितला स्पर्धेतला सगळ्यात गाजलेला विजय दिला, त्याच ओपनिंगच्या त्याच तिसऱ्या चालीवर वळण वेगळं लागलं आणि तो हरला.

मला हा दुसरा डाव पहिल्यापेक्षा महत्त्वाचा वाटतो. विदितसारख्या ग्रँडमास्टरकडे तयारीचा डोंगर असतो, मदतीला प्रशिक्षक असतात, कॉम्प्युटर असतो. तरीसुद्धा समोरचा तिसऱ्याच चालीला त्याला आडवाटेला नेऊ शकतो. मग पाठांतराच्या जोरावर आपण आयुष्यभर सुरक्षित राहू, अशी आशा आपण हॉस्टेलवाल्यांनी कशाला करायची? आणि ज्यांचं पाठांतर नाही त्यांनी घाबरायचं तरी कशाला? नवीन चालीपुढे दोघंही शेवटी पटाकडेच बघत बसतात.

सेटर आणि ऑपरेटर

नागापूरच्या एमआयडीसीत इंडस्ट्रियल व्हिजिटला गेलेल्यांना ही गोष्ट लगेच कळेल. सीएनसी मशीनवर दोन प्रकारची माणसं असतात. सेटर टूल लावतो, ऑफसेट टाकतो, पहिला जॉब काढून मोजतो. फर्स्ट पीस पास झाला की मशीन ऑपरेटरच्या ताब्यात. तो जॉब लावतो, बटण दाबतो, जॉब काढतो. सगळं सुरळीत असतं तोवर दोघांत फरक दिसत नाही. पण इन्सर्ट झिजला आणि साइज सरकायला लागला की फरक कळतो. ज्याला ऑफसेट का टाकला हे माहीत आहे तो दुरुस्त करतो. ज्याला नुसतं बटण माहीत आहे तो सेटरला हाका मारत बसतो. आणि पुष्कळ ऑपरेटर बघून बघून सेटर होतात, हेही तिथेच ऐकलेलं आहे.

ओपनिंग म्हणजे हे सेटिंग. सेटिंगने जॉब तयार होत नाही, पण सेटिंगशिवाय जॉब बिघडतो. पाठ केलेल्या चाली म्हणजे दुसऱ्या कोणीतरी लावून दिलेलं सेटिंग. समोरच्याने एफ५ खेळलं की साइज सरकली. आता कोणाला हाक मारणार?

आमच्या हॉस्टेलवर माझ्या शेजारच्या खोलीत पाथर्डी तालुक्यातली एक मुलगी राहते. देशी पद्धतीने आजोबांबरोबर खेळत मोठी झालेली. ती मला म्हणते, "ताई, तुझ्या पहिल्या दहा चाली होऊन जाऊ दे, मग माझा डाव चालू होतो." आणि खरंच होतो. पटावर चार-पाच मोहरी उरली की ती राजाला असा चालवते की बघत राहावं. क्लासमध्ये आम्हाला छापील कागद मिळायचे, त्यात शेवटचा डाव शेवटच्या पानावर असायचा आणि त्या पानापर्यंत टर्म संपायची. तिच्याकडे शेवटचं पान आधी शिकलेलं आहे. तरी यादीत तिचं नाव नाही. कारण? "ओपनिंग येत नाही." तिला ओपनिंगची अडीच पानं लागतात. मला तिच्याइतका शेवटचा डाव यायला अडीच वर्षं लागतील. सौदा कोणाच्या फायद्याचा ते सांगा.

मग करायचं काय?

एक. पांढऱ्याकडून एकच सुरुवात धरा. स्पॅनिश घ्या, वर दिलेली अडीच चालींची कारणं स्वतःच्या शब्दांत कोणाला तरी समजावून सांगा. सांगता आली म्हणजे आली.

दोन. काळ्याकडून ई४ ला एकच उत्तर धरा. ई५ पुरेसं आहे. समोरच्याने उंट बी५ खेळला तर बर्लिन: घोडा एफ६, डी३ आलं तर उंट सी५, मग किल्लेकोट. प्रत्येक चालीला एकच प्रश्न: ई४ ला राखण मिळाली का? मिळाली, तर माझं ई५ धोक्यात आहे.

तीन. डाव लिहून ठेवा. जर्नलची मागची कोरी पानं कोणाच्या बापाची नाहीत. डाव संपल्यावर जिथे पहिल्यांदा "आता काय?" असं वाटलं, त्या चालीखाली रेघ मारा. पुढच्या वेळी फक्त त्या एका चालीचा विचार करून या. महिन्याभरात ती रेघ सहाव्या चालीवरून दहाव्यावर सरकलेली दिसेल. हीच तुमची थिअरी, तुमच्या स्वतःच्या हाताने लिहिलेली.

चार. समोरच्याने अनोळखी चाल केली की तिला 'चूक' म्हणून मोकळं होऊ नका. विचारा: याने काय दिलं आणि काय घेतलं? प्रत्येक चाल काहीतरी सोडून जाते. एफ५ ने काळ्याने राजाचं छप्पर दिलं आणि मोकळी रांग घेतली. हा जमाखर्च मांडता आला की घड्याळ आपल्या बाजूने चालायला लागतं.

मेसमधले काका, ऑफिसमधला स्टाफ, गेटवरचे मामा यांनाही आग्रहाचं सांगणं: स्पर्धेच्या नियमात 'फक्त विद्यार्थी' असं कुठेही लिहिलेलं नाही. रात्रपाळीला गेटच्या दिव्याखाली मामांचे जे डाव रंगतात त्यांतले दोन-तीन मी उभं राहून पाहिले आहेत. त्यांना घाबरायचं असेल तर आम्ही घाबरायला हवं.

आणि त्या स्पर्धेचं शेवटी काय झालं? विदितने नवव्या फेरीत नाकामुराला पुन्हा हरवलं. चौदा फेऱ्यांनंतर गुकेश ९ गुणांवर पहिला. नाकामुरा, कारुआना आणि नेपोम्नियाची प्रत्येकी साडेआठ. म्हणजे नाकामुराचा अर्धा गुण कमी पडला, आणि त्याने संपूर्ण स्पर्धेत गमावलेले दोन्ही डाव विदितविरुद्धचे होते. गुकेश पुढे डिसेंबर २०२४ मध्ये सिंगापूरला डिंग लिरेनला हरवून जगज्जेता झाला. विदित स्वतः सहा गुणांवर सहावा आला, आणि त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये बुडापेस्टच्या ऑलिम्पियाडमध्ये सोनं जिंकणाऱ्या भारतीय संघात होता. सहाव्या नंबरच्या खेळाडूचे दोन डाव पहिला नंबर कोणाचा हे ठरवण्यात भागीदार झाले. यादीत नाव असेल तरच हे होतं. पटाबाहेर उभं राहून कोणाचाही अर्धा गुण कापता येत नाही.

नोटीस बोर्डाला दोरीने बांधलेलं पेन चालत नाही, आपलं घेऊन या.